चार आठवड्यांतला एक बुधवार

पहाटे ५:१५

रात्री वळीव झाला, म्हणून आज नेहमीपेक्षा लवकर निघाले. जयनगरच्या ज्या शाळेत आमचं सुट्टीतलं बास्केटबॉलचं शिबिर चालतं, तिथलं सिमेंटचं कोर्ट मधे किंचित खोलगट आहे. पाऊस झाला की फ्री थ्रोच्या रेषेपाशी हमखास पाणी साचतं. शाळेचे वॉचमन अण्णा आणि मी लांब दांड्याच्या वायपरनं ते कडेला ओढतो, मग कोरडं पोतं फिरवतो. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. पुसायला अर्धा तास लागतो, पण तो वाचवायचा नाही. धावता धावता वळणारा पाय ओल्या सिमेंटवर सरकला, की शिबिराबरोबर पुढचं वर्षही गेलं.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर असल्यानं मे महिन्यातही पहाट गार असते. साडेआठनंतर मात्र सिमेंट तापायला लागतं. म्हणून सकाळी सहा ते साडेआठ आणि दुपारी चारनंतर, अशी आमची दोन सत्रं.

शिबिर चार आठवड्यांचं. मुलं-मुली चौदा ते सतरा वर्षांची. निम्मी बंगळूरची, निम्मी बेळगाव, धारवाड, हुबळी, मंड्याची. या शहरात बीगल्स, यंग ओरायन्स यांसारखे जुने क्लब आहेत आणि तिथली मुलं वर्षभर संध्याकाळी चेंडू हातात घेतात. जिल्ह्यांतून येणाऱ्यांना हे सुट्टीचे चार आठवडेच मिळतात. जूनमध्ये शाळा उघडल्या की पाठोपाठ निवड चाचण्या. मी स्वतः बेळगावची आहे, त्यामुळे या दुसऱ्या गटाकडे माझं लक्ष जरा जास्त असतं हे मान्य करते.

चार आठवड्यांत खेळाडू घडत नाही. चार आठवड्यांत काही ठरावीक गोष्टी मात्र नक्की बदलतात. त्या कोणत्या हे प्रशिक्षकाला माहीत असलं तर शिबिराचं सोनं होतं, नसलं तर पोरं नुसती दमून घरी जातात.

सकाळी ६:००

मुलं येतात ती आधी वहीपाशी. काल किती तास झोप झाली, अंग किती दुखतंय, कुठे दुखतंय, वजन किती. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. पहिल्या आठवड्यात सगळे "झोप ८ तास, दुखत नाही" असंच लिहितात, कारण खरं लिहिलं तर बसवून ठेवतील अशी भीती असते. आता तिसरा आठवडा चालू आहे, आता खरं लिहितात. मंड्याच्या उंच मुलानं आज गुडघ्याखालच्या हाडावर बोट ठेवून दाखवलं. तिथं छोटा उंचवटा आलाय आणि दाबलं की दुखतं. वाढीच्या वयात, उड्या मारणाऱ्या मुलांत हे सर्रास दिसतं. हाड भराभर वाढत असतं आणि मांडीचा स्नायू त्याच जागी ओढत असतो. आज त्याला उड्या नाहीत. शूटिंग आणि पासिंग भरपूर आहे, त्यामुळे तोही खूश.

झोपेचा रकाना मी कधीच सोडत नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातल्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला लावलं होतं. त्यांचे फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले, धावण्याची वेळही कमी झाली. अभ्यास लहान आहे, पण बिनपैशाचं इतकं मोठं औषध दुसरं मला माहीत नाही.

सकाळी ६:२०

आता दिवसातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वीस मिनिटं. चेंडू कोपऱ्यात, आणि आम्ही शिकतो ते खाली उतरणं.

बास्केटबॉलमध्ये सगळ्यांना उडी दिसते. रिंग ३.०५ मीटरवर असते, तिकडेच डोळे लागलेले. पण दुखापत होते ती उतरताना. घोटा मुरगळणं ही या खेळातली सगळ्यात नेहमीची दुखापत आणि गुडघ्याच्या आतला एसीएल हा सांधेबंध तुटणं ही सगळ्यात वाईट. ऑपरेशन करावं लागलं तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने. मुलींमध्ये तो तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटी-तिपटीनं असतं, आणि बहुतेक वेळा धक्का कुणाचा लागलेला नसतो. रिबाउंड घेऊन एकटीच खाली येते, गुडघा आत वळतो आणि संपतं. पाय जमिनीला लागल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागात हे घडून जातं. एवढ्या वेळात डोकं काही ठरवू शकत नाही. शरीरालाच सवय हवी.

म्हणून फूटभर उंचीचा लाकडी ठोकळा. त्यावरून उतरायचं, दोन्ही पायांवर, आणि तिथंच थांबायचं. बेळगावची एक मुलगी आहे, चपळ, डावखुरी. पहिल्या दिवशी ती उतरली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे एकमेकांना जवळजवळ चिकटले होते आणि बुटांचा असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. तिचे बूट पालथे करून पाहिले तर दोन्हींचे तळवे आतल्या कडेनं झिजून गुळगुळीत झालेले. तिला मी गुडघ्यांबद्दल काहीच सांगितलं नाही. "गुडघे बाहेर ठेव" असं म्हटलं की मुलं गुडघ्यांचाच विचार करतात आणि ताठरतात. तिला एवढंच म्हटलं, "आवाज न करता उतर."

"म्हणजे हळू उतरू, मॅडम?"

"हळू कशी उतरशील? उडी तेवढीच, जोर तेवढाच. फक्त मला ऐकू येता कामा नये."

आवाज बंद करायचा तर कंबर मागे न्यावीच लागते, गुडघे वाकवावेच लागतात, आणि वाकले की ते पावलांच्या रेषेत येतात. दुसऱ्या आठवड्यात तेच एका पायावर. आता तिसऱ्या आठवड्यात हवेत असताना जोडीदार खांद्याला हलका धक्का देतो आणि तरीही तोल धरून उतरायचं असतं. आज तिनं ओळीनं दहा वेळा उतरून दाखवलं. मी पाठ करून उभी होते. दहांपैकी नऊ वेळा मला कळलंच नाही ती केव्हा खाली आली ते. दहाव्या वेळी आवाज झाला तेव्हा तीच ओरडली, "इन्नोंदु, मॅडम!" आणखी एकदा. बेळगावच्या मराठी घरातली मुलगी तीन आठवड्यांत कोर्टवर कानडी बोलायला लागली आहे.

अशा सरावानं दुखापती घटतात हे बऱ्याच देशांत तपासून झालं आहे. फुटबॉलसाठी तयार केलेला 'फिफा ११+' हा वॉर्म-अप इटलीतल्या बास्केटबॉल खेळाडूंना देऊन पाहिला, तेव्हा तिथंही दुखापती कमी झाल्या. त्याला साहित्य लागत नाही. चार आठवड्यांत हमखास बदलणाऱ्या गोष्टींत मी या उतरण्याला पहिला नंबर देते.

सकाळी ७:१०

आता दम. आमच्या लहानपणी फिटनेस म्हणजे मैदानाला दहा फेऱ्या. अजूनही पुष्कळ शाळांत तेच चालतं. मला ते पटत नाही.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात सामन्यांचं चित्रीकरण करून प्रत्येक खेळाडूच्या हालचाली मोजल्या गेल्या. एका सामन्यात खेळाडू सुमारे हजार वेळा हालचाल बदलतो, सरासरी दर दोन सेकंदांनी. धाव, थांब, सरक, उडी, वळ, चाल. यात एका लयीत वीस मिनिटं पळणं कुठंच नाही. ज्या खेळात तुम्ही दर दोन सेकंदांनी गती बदलता त्याची तयारी गती न बदलता कशी होणार?

म्हणून आम्ही 'सतरा' करतो. कोर्टच्या रुंदीत या रेषेपासून त्या रेषेपर्यंत सतरा वेळा, साधारण एका मिनिटात. म्हणजे अडीचशे मीटर आणि सोळा वळणं. प्रत्येक वळणावर थांबायचं, खाली बसायचं, परत सुटायचं. मग दोन मिनिटं विश्रांती, आणि त्या विश्रांतीत दोन फ्री थ्रो. मानेवर दोन बोटं ठेवून सहा सेकंद ठोके मोजायचे आणि दहानं गुणायचं. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांनंतरही ठोके दीडशेच्या वर असायचे. आज बहुतेकांचे एकशेतीसच्या आसपास आले.

हे इतक्या लवकर कसं होतं? सराव सुरू झाल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांतच रक्तातलं पाण्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. स्नायूंमधले खोलवरचे बदल सावकाश होतात, पण हा पहिला लाभ झटपट मिळतो. मुलांना मी हे सांगते. आपल्या शरीरात काय चाललंय ते कळलं की ती जास्त मन लावून पळतात.

आणि एक गोष्ट, फक्त मुलींसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. शंभरातल्या एकोणसाठ! दम लागतो म्हणून आपण त्यांना आणखी पळवतो आणि त्या आणखी थकतात. शिबिरात पहिल्याच दिवशी रक्त तपासतो. ज्यांचं कमी निघतं त्यांना डॉक्टरांकडे पाठवतो. लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या तर चार आठवड्यांत आकडा वर चढलेला दिसतो, साठा भरायला मात्र पुढे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. धारवाडची एक मुलगी पहिल्या आठवड्यात तिसऱ्या 'सतरा'ला खाली बसायची. आळशी आहे असं तिच्याबद्दल शाळेत म्हणायचे. ती आळशी कधीच नव्हती.

सकाळी ८:३०

न्याहरी. थट्टे इडली, सांबार, अंडी, केळं. आधी सगळ्यांचं पुन्हा वजन. सहाला होतं त्यापेक्षा अर्धा किलो कमी भरलं तर अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी पुढच्या दोन तासांत पोटात गेलं पाहिजे. २००६ मध्ये अमेरिकेत १२ ते १५ वयाच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात वजनाच्या दोन टक्के पाणी घामावाटे गेल्यावर त्यांचं शूटिंग आणि धावणं दोन्ही घसरलेलं दिसलं. पन्नास किलोच्या मुलीत दोन टक्के म्हणजे फक्त एक लिटर. महागडी रंगीत पेयं आम्ही ठेवत नाही. लिंबू, साखर, मीठ आणि मोठं पातेलं पुरतं. फिल्टर कॉफी न्याहरीनंतर तासाभरानं, कारण जेवणातलं लोह कॉफीबरोबर अंगी लागत नाही. या शहरात हा नियम पाळून घेणं हे माझं सगळ्यात अवघड काम आहे.

सकाळी १०:००

पालकांच्या फोनची वेळ. आज निपाणीहून एका वडिलांचा फोन.

"नमस्कार मॅडम. कामात नाही ना?"

"नाही, बोला ना."

"पोरगी काय म्हणतीया? सिलेक्शन होईल ना यंदा? आणि उंचीचं काय? बारला लटकायला सांगता ना तिला?"

हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि विचारणारा माणूस जिवापाड आशेनं विचारत असतो. म्हणून उत्तर खरं द्यायचं. लटकून हाडं लांब होत नाहीत. मुलींची उंची साधारण पहिल्या पाळीनंतर दोन-अडीच वर्षांत थांबते आणि ती किती होणार हे बव्हंशी आई-वडिलांकडून ठरून आलेलं असतं. चार आठवड्यांत काय होतं तेही मी त्यांना सांगितलं. ताकद वाढते, पण ती आधी नसांमधून वाढते. आहे त्याच स्नायूतले जास्त धागे एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू दिसण्याइतका जाड व्हायला दोन महिने तरी हवेत, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा घट्ट व्हायला त्याहूनही जास्त. म्हणूनच महिनाभरात पोराला 'तयार करून देतो' म्हणणाऱ्या माणसाकडून सावध राहायचं. ताकद कंडरांच्या पुढे धावली की गुडघे धरतात.

"मग उपयोग काय म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"ती आता डाव्या हातानं ले-अप करते. न पडता उतरते. शेवटच्या पाच मिनिटांत दमत नाही. आणि घरी येताना पंधरा मिनिटांचा सराव कागदावर घेऊन येईल. तो तुम्ही चालू ठेवलात तर उपयोग आहे."

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या इथल्या शाळेत रिंग एकच हाय, मॅडम, ती पण वाकलीया." मी त्यांना शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलायला सांगितलं. सुट्टीतच सांगितलं, कारण शाळा सुरू झाल्यावर हे काम होत नाही.

सकाळी ११:३०

वर्गात पंखा, पडदा आणि व्हिडिओ. आज दाखवला कंठीरवा इनडोअर स्टेडियममधला सामना. हे स्टेडियम आमच्या मुलांनी बसमधून जाता-येता पाहिलेलं आहे, कब्बन पार्कच्या बाजूला. जुलै २०१७ मध्ये तिथं महिलांचा आशिया कप झाला. भारत दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे 'बी' गटात होता. अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आपण वर चढलो. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती आणि तमिळनाडूची अनिता पॉलदुराई होती, जिला पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. निपाणीच्या मुलीला शिरीन मराठी आहे हे कळल्यावर तिनं व्हिडिओ दोनदा मागे घ्यायला लावला.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, त्याच स्टेडियममध्ये वरच्या श्रेणीत आपण आठ संघांत आठवे आलो आणि परत खाली गेलो. हेही मुलांना दाखवते. नुसता विजय दाखवून शिबिराचा उत्साह वाढेल, समज वाढणार नाही. खालच्या श्रेणीतून वर चढण्याइतकं अंतर चांगल्या तयारीनं आणि घरच्या प्रेक्षकांच्या जोरावर कापता येतं. वरच्या श्रेणीत टिकायचं तर दहा-बारा वर्षांच्या वयापासूनचा वर्षानुवर्षांचा खेळ लागतो, तो कुठल्याच शिबिरात भरून काढता येत नाही.

वरच्या श्रेणीत दोन्ही वेळा विजेता ठरला जपान. २०१७ ला ऑस्ट्रेलियाला ७४-७३ आणि २०१९ ला चीनला ७१-६८ असं हरवून. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये याच जपानी मुलींनी रौप्यपदक जिंकलं. मोठ्या स्पर्धांतल्या सगळ्यात बुटक्या संघांपैकी तो एक. त्यांनी उंचीची उणीव धावण्यानं आणि लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटनी भरून काढली. सकाळच्या फोनवर हे उदाहरण द्यायचं राहून गेलं, उद्या देईन.

व्हिडिओ संपल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारला. ७५-७३, फरक किती? दोन गुण. दोन गुण म्हणजे दोन फ्री थ्रो.

दुपारी १:००

जेवण, मग झोप. सगळ्यांचे मोबाइल माझ्या कपाटात.

दुपारी ४:००

शाळेच्या व्हरांड्यात ताकदीचा व्यायाम. यंत्रं नाहीत. डंबेल्स, वाळूच्या पिशव्या, एक बार. डंबेल छातीशी धरून बैठका, कंबरेतून वाकून वजन उचलणं, दंड, एका पायावर टाचा उचलणं. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. वजन उचललं की उंची खुंटते हा समज कर्नाटकात आहे तसाच महाराष्ट्रातही आहे. नीट शिकवलेल्या, बेताच्या वजनानं मुलांची वाढ थांबते असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही मुलांसाठी असा व्यायाम देखरेखीखाली सुरक्षित मानला आहे. देखरेखीखाली हा शब्द महत्त्वाचा. म्हणून एका वेळी सहाच जण, बाकीचे बाहेर ड्रिबलिंग करतात.

संध्याकाळी ५:००

चेंडू हातात आला की मुलांचे चेहरे बदलतात. पण आधी चेंडू तपासायचे. मुलांचा ७ नंबरचा, मुलींचा ६ नंबरचा. सात नंबरचा घेरानं एक इंच मोठा आणि सुमारे साठ ग्रॅम जड असतो. कित्येक शाळांत मुलींच्या हातात वर्षानुवर्षं सात नंबरचा चेंडू असतो, कारण शाळेनं तेवढेच विकत घेतलेले असतात. मग रिंगपर्यंत पोचवण्यासाठी त्या चेंडू खांद्यामागून ढकलतात आणि ती ढब हाडीमाशी खिळते. धारवाडच्या मुलीचा शॉट असाच होता. चेंडू बदलला, रेषेपासून दोन पावलं पुढे आणलं, आणि तिथून तिचं कोपर आपोआप चेंडूखाली आलं. आता रोज वीतभर मागे सरकतेय.

फ्री थ्रोचा सराव आमच्याकडे शंभराच्या रांगेनं होत नाही. एकाच जागेवरून एकसारखे शंभर मारले की त्या दिवशी आकडा छान दिसतो. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी दाखवलं की एकच कृती सलग करणाऱ्यांपेक्षा कृती बदलत बदलत सराव करणारे त्या वेळी मागे असतात, पण काही दिवसांनी तपासलं तर त्यांनाच जास्त आठवतं. सामन्यात कुणी सलग शंभर फ्री थ्रो मारत नाही. दोन मिळतात, तेही धावून धावून छाती भात्यासारखी हलत असताना. म्हणून सकाळी 'सतरा'नंतर दोन, आता डिफेन्सच्या सरावानंतर दोन, मग पास, ले-अप, परत दोन.

मारताना एकाच गोष्टीवर माझं लक्ष. चेंडू किती उंच जातो. अमेरिकेतल्या दोन अभियंत्यांनी २००८ मध्ये संगणकावर लाखो फ्री थ्रो मारून पाहिले आणि चेंडू सुटताना साधारण ५२ अंशांचा कोन सगळ्यात फायद्याचा असं दाखवलं. मुलांना अंश कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. मी बोर्डच्या वरच्या कडेला बोट दाखवते. चेंडू साधारण तिथपर्यंत उंच गेला पाहिजे. सपाट आलेल्या चेंडूला रिंग अरुंद मिळते, वरून आलेल्याला रुंद. हुबळीच्या मुलानं आज ओळीनं सहा सपाट मारले. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा सुटताना चेंडूला टोचत होता. अंगठा बोटांना चिकटवायला सांगितलं, बस्स. सातवा चेंडू वर गेला आणि जाळीशिवाय कशालाही न लागता खाली आला. त्यानं वळून बघितलं नाही, सरळ पुढचा चेंडू मागितला. असा मुलगा पुढे जातो.

डाव्या हाताचं काम मात्र कंटाळवाणं असतं, त्याला इलाज नाही. उजवा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून दहा मिनिटं नुसतं ड्रिबल. बेळगावची डावखुरी उजव्या हातानं करते. चार आठवड्यांत कमकुवत हात तेज होत नाही, पण निदान लाजायचा थांबतो.

संध्याकाळी ६:१५

आभाळ भरून आलं, मग मोठे थेंब. पाच मिनिटांत कोर्टवर पाण्याचे लोट. मुलं भिजत खेळायला तयार असतात, मी नसते. सगळे व्हरांड्यात. भिंतीवर चेंडू मारून पास, बसून दोन्ही हातांनी ड्रिबल, डोळे समोरच्या जोडीदाराच्या बोटांवर. तो किती बोटं दाखवतोय ते मोठ्यानं सांगायचं आणि ड्रिबल तुटू द्यायचं नाही. एवढ्या गोंगाटात शाळेच्या बाई एरवी रागावल्या असत्या, सुट्टी आहे म्हणून चालतं.

या शहरात दहा-बारा मजली इमारतींच्या वाहनतळाला छप्पर असतं आणि शाळेच्या कोर्टला नसतं. मे महिन्यातल्या कित्येक संध्याकाळी असं सत्र अर्ध्यावर तुटतं. छताखालचं एक साधं कोर्ट प्रत्येक प्रभागात असायला हवं, आणि बंगळूरसारख्या पैसेवाल्या शहराकडे ही मागणी करायला काय हरकत आहे?

रात्री ७:४५

जेवणात रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि शेवग्याच्या पाल्याचं सार. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वाढत्या हाडांना याहून चांगलं काय. मुद्दे चावायचे नसतात, सारात बुडवून गिळायचे, हे मंड्याच्या मुलानं बेळगावकरांना शिकवलं.

जेवणानंतर दुखणारे घोटे तपासायचे. परवा एकीचा मुरगळला होता. सूज उतरली आहे आणि ती उद्या खेळायला मागतेय. आमचा नियम सोपा. दुखऱ्या पायावर दहा उड्या, मग चांगल्या पायावर दहा. दोन्हींत फरक दिसला तर खेळ नाही. आज तिला सहावी उडी जमली नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण नियम वाकवला नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुरता बरा न होता खेळला की परत मुरगळतोच.

रात्री ९:००

उद्याचा आराखडा. वहीतले आकडे बघून तीन मुलांचं धावणं कमी केलं. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचंच कमी होईल, वेग तोच आणि फेऱ्या निम्म्या, म्हणजे अंगातला थकवा उतरून शेवटच्या चाचणीत खरा आकडा दिसेल. ती चाचणी वीस मीटरच्या रेषांमध्ये मागे-पुढे पळायची, दर फेरीनंतर दहा सेकंद विश्रांती आणि वाढत जाणारा वेग. पहिल्या दिवशीचा आकडा प्रत्येकाला पाठ आहे.

त्याबरोबरच घरी न्यायचे कागद लिहिते. प्रत्येकाला एक. पुढच्या बाजूला त्याचे आकडे, मागच्या बाजूला आठवड्यातून तीनदा करायचा पंधरा मिनिटांचा सराव. ठोकळ्याऐवजी घराची पायरी चालते. सराव थांबवला तर शिबिरात मिळवलेला दम दोन ते चार आठवड्यांत ओसरायला लागतो, हे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं.

हे वाचणाऱ्यांत कुणी शाळेचे खेळशिक्षक असतील, संस्थाचालक असतील, तर त्यांना माझी विनंती आहे. जूनमध्ये असा कागद घेऊन एखादी मुलगी तुमच्याकडे आली तर तिला सकाळी सहा वाजता मैदानाचं फाटक उघडून द्या, सहा नंबरचा एक चेंडू द्या, आणि वाकलेली रिंग तेवढी सरळ करून घ्या.